लष्करी गणवेश आणि पदके : खरेपणाची कसोटी



मराठी शाळेच्या सभागृहात सोव्हिएत लष्कराच्या गणवेशांविषयी व्याख्यान, हे निमंत्रणपत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आज असते तर त्यांनीही चष्मा वर सरकवून विचारले असते, की बाबा रे, तापीच्या काठी बसून तुला मॉस्कोच्या कोटांचे काय पडले आहे? तेव्हा त्याचे उत्तर आधी दिलेले बरे. माझा व्यवसाय कापडाच्या तपासणीचा. उभे आयुष्य या शहरातल्या प्रयोगशाळांत धागे जाळण्यात, त्यांचा वास घेण्यात आणि भिंगाखाली जर न्याहाळण्यात गेले. आता, सैनिकाचा गणवेश म्हणजे तरी काय? सूत, लोकर, थोडी जर, धातूची बटणे, मीना केलेला एखादा तारा आणि फारच मोठा सेनापती असेल तर हिरे. यातली कोणती गोष्ट सुरतेला परकी आहे? म्हणून लोक हे कोट आणि बिल्ले घेऊन माझ्याकडे येऊ लागले, आणि मलाही त्यांची गोडी लागली.

हे सामान आपल्याकडे आले कसे, हेही थोडक्यात सांगतो. सोव्हिएत देशाशी आपला संबंध जुना. ‘सोव्हिएत देश’ मासिकाच्या गुळगुळीत पानांची वेष्टणे आपल्यातल्या अनेकांच्या वह्यांना चढलेली आहेत. नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. पुढे १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि एका महाप्रचंड सैन्याचे कोट, टोप्या, पट्टे, पदके मॉस्कोच्या इझमाइलोवो बाजारात आणि अर्बात रस्त्याच्या फुटपाथवर विक्रीला आली. पेन्शनीत भागेना म्हणून म्हाताऱ्या सैनिकांनी स्वतःच्या छातीवरची पदके विकली. तिकडे शिकायला गेलेली मुले, व्यापाराला गेलेली माणसे यांनी त्यातले काहीबाही आठवण म्हणून आणले. मागणी वाढली तसा नकलांचा कारखाना सुरू झाला. आज मुंबईच्या चोर बाजारात तुम्हाला लाल तारा दाखवला, तर तो खरा की खोटा हे सांगायला जिभेपेक्षा भिंग अधिक उपयोगी पडते.

पण ‘खरा’ म्हणजे काय? या एका शब्दाच्या पोटात निदान तीन प्रश्न दडलेले असतात आणि बाजारात त्यांची मुद्दाम सरमिसळ केली जाते. वस्तू ज्या काळातली म्हणून सांगतात त्या काळातली आहे का, हा एक. तिचे सगळे भाग मुळापासून एकमेकांचे आहेत का, हा दुसरा. आणि ज्या माणसाची म्हणून सांगतात त्याचीच ती आहे का, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा वस्तूच देते. दुसऱ्याचे अर्धेमुर्धे देते. तिसऱ्याचे उत्तर वस्तूकडे जवळजवळ कधीच नसते. माझे आजचे सगळे म्हणणे या तिसऱ्या प्रश्नापाशी येऊन थांबणार आहे. पण तिथे पोचायचे तर पहिल्या दोन पायऱ्या चढाव्या लागतील.

धाग्यापासून सुरुवात करू. दुसऱ्या महायुद्धातला म्हणून दाखवलेला सोव्हिएत सैनिकाचा सुती अंगरखा हातात आला, की मी आधी शिवण उलटी करून बघतो. शिवणीचा धागा जाळला आणि कागद जळल्यासारखा वास येऊन हलकी राख उरली, तर सूत. केस जळल्याचा वास आला आणि बोटांनी चुरडणारा काळा मणी झाला, तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला, तर पॉलिस्टर. आणि मग पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. ज्या शहराने सगळ्या देशाला पॉलिस्टर नेसवले, त्या शहरात हे मी समजावून सांगावे असे नाही. पॉलिस्टरच्या धाग्याचा शोध १९४१ साली इंग्लंडमध्ये लागला आणि तो बाजारात आला युद्ध संपल्यावर. रशियनांनी आपल्या पॉलिस्टरला ‘लावसान’ हे नाव दिले. शास्त्रज्ञांनी आपल्या प्रयोगशाळेच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे जोडून ते बनवले, तेही युद्धानंतरच. स्तालिनग्राडच्या बर्फात लढलेल्या अंगरख्यात लावसान सापडणे म्हणजे पेशव्यांच्या पंगतीत बटाटेवडा वाढण्यासारखे आहे.

दुसरी परीक्षा अतिनील दिव्याची. अंधाऱ्या खोलीत हा दिवा कापडावर धरला, की काही कापडे निळसर पांढरी झळकतात. ही चमक शुभ्रता वाढवणाऱ्या रसायनांची असते आणि ही रसायने सर्रास वापरात आली ती युद्धोत्तर काळात. बाजारात अनेकजण हा दिवा म्हणजे जणू सत्यनारायणाचा प्रसाद समजतात. झळकले की खोटे, विझलेले राहिले की खरे. इतके सोपे ते नाही. आपल्या घरोघरी पांढरे कपडे राणीपालमध्ये बुचकळत. रशियातल्या आजीनेही नवऱ्याचा जुना अंगरखा नंतर कधीतरी साबणाच्या पावडरीत धुतला असेल. धुतलेला खरा कपडा झळकतो आणि रसायन न लावता विणलेली ताजी नक्कल काळोखात निमूट पडून राहते. म्हणून मी दिव्यावर निकाल देत नाही, फक्त संशय नोंदवतो. निकाल धाग्यावर देतो. कापड सुती आणि ठिगळ सोडून बाकी सगळ्या शिवणी तेवढ्या झळकत असतील, तर ती बाब गंभीर.

धाग्यानंतर छाप. सोव्हिएत कपड्याच्या आतल्या अस्तरावर शाईने कारखान्याचे नाव, माप, साल असे शिक्के मारलेले असत. नक्कल करणारा हा शिक्का हौसेने आणि ठळक मारतो, आणि तिथेच पुष्कळदा फसतो. युद्धातल्या सैन्याचे नाव होते ‘लाल सेना’. ‘सोव्हिएत सेना’ हे नाव १९४६ साली आले. तेव्हा १९४३ च्या म्हणवणाऱ्या अंगरख्यावर ‘सोव्हिएत सेना’ असा शिक्का असेल, तर विक्रेत्याला नमस्कार करून निघावे. तसेच त्यांच्या सरकारी मानकांचे. वस्तूवर मानकाचा क्रमांक छापलेला असतो, आणि त्या क्रमांकाच्या शेवटी येणारे आकडे मानकाचे वर्ष सांगतात. वस्तू त्या वर्षाच्या आधीची असूच शकत नाही. पंचकोनी ‘गुणवत्ता चिन्ह’ १९६७ मध्ये सुरू झाले, तेही असेच कालदर्शक.

गणवेशाची घडण हा इतिहासाचाच भाग आहे, त्यामुळे इथे थोडे रेंगाळतो. क्रांतीनंतर, १९१७ च्या डिसेंबरात, खांद्यावरच्या पट्ट्या रद्द झाल्या. ती झारच्या अधिकाऱ्यांची खूण होती आणि तिचा लोकांना तिटकारा होता. पुढे लाल सेनेत हुद्दा ओळखायचा तो कॉलरवरच्या छोट्या तुकड्यांवरून. त्यावर त्रिकोण, चौकोन, आयत अशी धातूची चिन्हे असत. आणि ज्या पट्ट्या जुलमाची खूण म्हणून फाडून फेकल्या, त्याच १९४३ च्या जानेवारीत, स्तालिनग्राडची लढाई संपत असताना, सन्मानाने परत आल्या. त्याबरोबर अंगरख्याची कॉलरही बदलली. पूर्वीची दुमडलेली जाऊन उभी आली. तेव्हा १९४१ सालच्या म्हणवणाऱ्या कोटावर खांद्याच्या पट्ट्या असतील तर संशय घ्यायलाच हवा. पण उलट बाजूही लक्षात ठेवा. हुकूम जानेवारीत निघाला म्हणून लाखो सैनिकांना फेब्रुवारीत नवे कपडे मिळाले नाहीत. जुन्या दुमडलेल्या कॉलरच्या अंगरख्यावर नव्या पट्ट्या शिवून माणसे लढत राहिली. पुस्तक वाचून आलेला हौशी संग्राहक असा अंगरखा ‘चुकीचा’ म्हणून परत करतो आणि सगळे काही नियमाबरहुकूम असलेली नक्कल घेऊन घरी जातो. युद्धात कोणत्याही सैन्याचा गणवेश नियमाच्या पुस्तकाइतका नेटका नव्हता. फार नेटका गणवेश दिसला की मला चित्रपटाचा कपडेपट आठवतो. आणि खरोखरच, चित्रपटांसाठी शिवलेले कपडे नंतर ‘रणांगणावरून आलेले’ म्हणून विकले गेलेले आहेत.

आता जर. सुरतेत उभे राहून जरीविषयी बोलायचे म्हणजे काशीत गंगाजल विकण्यासारखे आहे, तरी माजी विद्यार्थ्यांतले जे इथून दूर गेले त्यांच्यासाठी सांगतो. खरी जर म्हणजे चांदीची तार केसाएवढी बारीक ओढायची, चपटी करून बादला करायचा, तो रेशमी धाग्यावर गुंडाळायचा आणि त्यावर सोन्याचा मुलामा चढवायचा. मराठीत आपण याला कलाबतू म्हणतो, इथल्या बाजारात कसब म्हणतात. येवल्याच्या पैठणीच्या पदरात जी जर झळकते तीही इथूनच जाते. चांदीच्या जागी तांबे आले की ती नकली जर, आणि धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची पट्टी आली की तिसरीच जात. सेनापतींच्या खांद्यावरचे तारे याच कुळातल्या तारेने भरलेले असतात. तारेची बारीक वेटोळी करून केलेल्या सलम्याला रशियन भाषेत ‘कनीतेल’ म्हणतात. गंमत अशी, की ‘कनीतेल ओढणे’ याचा त्यांच्या बोलीतला अर्थ एखादे काम कंटाळा येईपर्यंत लांबवणे. आपण चऱ्हाट वळतो, ते तार ओढतात. ज्याने कुणी हा वाक्प्रचार रूढ केला, त्याने तार ओढणाऱ्या कारागिराशेजारी बसून दिवस काढले असणार.

सोव्हिएत सेनापतीची म्हणून आलेली खांद्याची पट्टी तपासताना काळाचा अंदाज जरीवरूनही येतो. भिंगाखाली वेढ्यांच्या फटीतून आतला धागा दिसतो. सोनेरी जरीसाठी तो बहुधा पिवळा रंगवलेला असतो, म्हणजे फटीतून पांढरे डोकावू नये. चांदी हवेने काळवंडते, तांबे हिरवे पडते, प्लास्टिकची पट्टी यातले काहीच करत नाही, ती सोलते. ऐंशी वर्षांची पट्टी काल दिवाळीत घेतल्यासारखी लखलखत असेल तर माझा हात खिशाकडे जात नाही.

पण इथे एक मेख आहे आणि तिने मला पुष्कळ शिकवले. जगातल्या कितीतरी सैन्यांचे, पलटणींचे आणि क्लबांचे जरीचे बिल्ले आपल्या देशात भरले जातात. वाराणसीच्या लल्लापुऱ्यातले जरदोजी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात. म्हणजे एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याच्या कोटावरचा अस्सल बिल्ला मुळात काशीच्या गल्लीत भरलेला असू शकतो. आणि तोच कारागीर, त्याच सुईने, त्याच जरीने, जुन्या बिल्ल्याची हुबेहूब प्रत आज भरून देतो. दोन्हींमध्ये कारागिरीचा फरक काडीचाही नाही. मग खोटा कोण? कारागीर तर नक्कीच नाही. त्याने मागणीप्रमाणे काम केले आणि त्याची मजुरी घेतली, तीही बहुतेक वेळा तुटपुंजी. बिल्ला चहाच्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळवून, ‘हा एकोणीसशे सोळाचा’ असे सांगणारा माणूस खोटा. नकलेचा सगळा दोष हाताने काम करणाऱ्यांवर ढकलायची सवय आपल्या सुशिक्षितांना आहे. मला ती पटत नाही.

धातूच्या पदकांकडे वळतो. सोव्हिएत पदकांत सर्वांत परिचित ‘लाल तारा’. हा सन्मान १९३० साली सुरू झाला. चांदीचा तारा, त्यावर लाल मीना, मध्ये बंदूकधारी सैनिक. तो अडतीस लाखांहून अधिक वेळा दिला गेला, त्यामुळे खरे तारेही भरपूर आहेत आणि खोटेही. खरा तारा पोलादी ठशाने दाबून काढलेला असतो. त्याच्या अक्षरांच्या कडा धारदार असतात. खऱ्या ताऱ्याचा साचा घेऊन ओतलेली नक्कल भिंगाखाली मऊ दिसते, अक्षरे साबणाच्या वडीवरच्यासारखी झिजलेली, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे, आणि धातू थंड होताना आकसतो म्हणून आकार किंचित लहान. मीना म्हणजे भाजलेली काच. तिचा टवका उडाला तर काचेसारखा उडतो. त्या जागी लाल रंगाची राळ भरलेली असेल, तर ती टवका न उडता चरते.

ताऱ्याच्या मागे टाकसाळीचे नाव, मळसूत्राचा दांडा आणि एक क्रमांक असतो. हा दांडा आणि हा क्रमांक फार महत्त्वाचे. दांडा अंगरख्याला भोक पाडून आत घालतात आणि मागून चकती फिरवतात. १९४३ च्या जूनमधल्या हुकुमाने लाल तारा डाव्या छातीवरून उजवीकडे गेला. तेव्हा युद्धाच्या उत्तरार्धातल्या, ताऱ्यासह विकायला आलेल्या अंगरख्याच्या उजव्या छातीवर भोक हवे, त्याच्या कडा सैल झालेल्या हव्यात, चकतीचा गोल डाग आत हवा. नकली संच जुळवणारे खरा कोट घेतात, खरा तारा घेतात आणि परवा पाडलेले भोक ठेवतात. कोट खरा, तारा खरा, जोडी खोटी. मघाशी सांगितलेला दुसरा प्रश्न तो हाच.

सुरतेत हिऱ्यांचा उल्लेख केल्याशिवाय व्याख्यान पुरे होत नाही, म्हणून ‘विजय’ या सोव्हिएत सन्मानाविषयी सांगतो. १९४३ च्या नोव्हेंबरात तो सुरू झाला आणि मोजक्याच सेनापतींना मिळाला. प्लॅटिनमचा तारा, त्यात सुमारे सोळा कॅरट हिरे आणि पाच मोठी माणके. हिरे अस्सल आहेत. माणके मात्र कृत्रिम आहेत. ताऱ्याच्या पाचही टोकांना एकाच छटेची, एकाच मापाची नैसर्गिक माणके मिळेनात, म्हणून मॉस्कोच्या जवाहिऱ्याने प्रयोगशाळेत बनवलेली माणके बसवली. आज आपल्या वराछ्यात प्रयोगशाळेतल्या हिऱ्यावरून जी भांडणे होतात ती ऐकताना मला हे आठवते. ‘माणिक नैसर्गिक, म्हणून पदक खरे’ ही कसोटी इथे लावली तर निकाल बरोबर उलटा लागेल. याच सन्मानाची आणखी एक गोष्ट. १९७८ साली ब्रेझनेव्ह यांना तो दिला गेला. तो फक्त मोठ्या युद्धाची दिशा पालटणाऱ्या सेनापतींसाठी होता, आणि त्या नियमात ते बसत नव्हते. म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, १९८९ मध्ये, तो रद्द करण्यात आला. प्लॅटिनम खरे, हिरे खरे, टाकसाळ खरी, देणारे सरकारही खरे. खोटा होता तो सन्मान. तो भिंगात कसा दिसणार?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. ही वस्तू कुणाची?

लाल ताऱ्याच्या मागचा क्रमांक हा त्या बाबतीत मोठा आधार. सोव्हिएत सरकारने हे क्रमांक माणसांच्या नावे नोंदवून ठेवले आणि त्यांच्या युद्धकाळातल्या सन्मानांची कागदपत्रे मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कच्या लष्करी दफ्तरात आहेत. २०१० पासून त्यांतली पुष्कळशी संगणकावर सर्वांना खुली झाली. क्रमांक आणि नोंद यांचा मेळ बसला, तरच एखादा तारा अमुक सैनिकाचा म्हणावा. आपल्या जवळचे उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात इराणमार्गे सोव्हिएत सैन्याला रसद पोचवण्याच्या कामात भारतीय सैनिकही होते. त्यांतल्या सुभेदार नारायण राव आणि हवालदार गजेंद्र सिंह या दोघांना १९४४ साली लाल तारा मिळाला. ही गोष्ट वर्तमानपत्रांतून पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हाच मी मनाशी म्हटले, आता बाजारात ‘हिंदुस्थानी सैनिकाचा लाल तारा’ येणार. उद्या तुमच्यापुढे असा तारा कुणी ठेवला तर त्याची चांदी तपासायच्या आधी कागद मागा. कागद नसेल, तर तो फक्त एक लाल तारा आहे, किंमतही तेवढीच. शिवाय, रशियात सरकारी सन्मानपदकांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, हेही जाता जाता सांगतो. या कायद्याची ढाल करून विक्रेते म्हणतात, चोरून आणले म्हणून कागद नाही. हे वाक्य ऐकले की माझी शंका दुणावते.

या बाबतीत रशियनांवर हसायचे कारण नाही. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्यात आली. आपल्या सर्वांच्या मनात काय भावना उसळल्या हे मी सांगायला नको. ज्या सुरतेवर महाराज १६६४ आणि १६७० मध्ये दोनदा चालून आले, त्या सुरतेतल्या मराठी माणसाच्या मनात तर त्या उसळणारच. पण त्याच संग्रहालयाने आपल्या नोंदीत स्पष्ट लिहिले आहे, की ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून आलेली आहेत आणि अफझलखानाच्या वेळी वापरलेली ती हीच, हे पडताळून पाहता आलेले नाही. एवढे प्रांजळ वाक्य लिहायला संग्रहालयाला धैर्य लागत नाही. ते वाचून न चिडायला मात्र आपल्याला लागते. महाराजांचा पराक्रम एका पोलादी पंज्यावर अवलंबून आहे असे मानणे हाच मला त्यांचा अवमान वाटतो.

एक घरगुती प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी साताऱ्याकडचे, पण दोन पिढ्या सुरतेत राहिलेले एक कुटुंब माझ्याकडे आले. बरोबर ऐंशीच्या पुढच्या एक आजीबाई. पिशवीत दोन पदके आणि एक लोकरी कोट. आजीबाईंचे आजेसासरे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढले, ही घरातली कथा. नातवाला घरासाठी पैसे हवे होते. सोनाराने चांदीच्या पदकाचे वजन करून भाव सांगितला होता. नातवाचे म्हणणे, कोटाचे काही येत असतील तर दोन्ही एकदमच विकू.

पदक पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश युद्धपदक होते. या पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. अक्षरांत पिढ्यान्‌पिढ्यांची पितांबरी साचली होती. लाकडी काडीने ती मोकळी केली. या पदकांत एक लबाडी चालते : जुने नाव कानशीने घासून त्या जागी नवे ठोकतात. पण घासले की व्यास कमी होतो. तो छत्तीस मिलिमीटर भरायला हवा. इथे तो सगळीकडून नीट भरला. कडेवर मराठ्यांच्या ११० व्या पलटणीचे नाव होते आणि नावही आजेसासऱ्यांचेच. ही पलटण कूटच्या वेढ्यात होती, जिथल्या फौजेने १९१६ च्या एप्रिलअखेर उपासमारीने शस्त्रे खाली ठेवली. ते स्वतः तिथे होते का, हे पदक सांगत नाही, म्हणून मीही सांगितले नाही. आजीबाईंनी पदक हातात घेतले आणि मला म्हणाल्या, “भाऊ, नाव कुठे आहे तेवढे बोटाला लावून द्या.” त्यांना वाचता येत नव्हते.

कोटाचे मात्र वेगळे होते. त्याच्या बटणांवर अशोकस्तंभाची सिंहमुद्रा होती. इंग्रजी अंमलातल्या सैनिकाच्या बटणावर राजमुकुट असतो. सिंह आले ते प्रजासत्ताकाबरोबर. बटणे बदललेली असू शकतात, म्हणून मी अस्तर पाहिले, शिवणीचा धागा पाहिला. त्या अस्तरातला कृत्रिम धागा १९१६ साली जगात कुठेच नव्हता. तीन पिढ्या दसऱ्याला ज्या कोटाची पूजा झाली, तो आजेसासऱ्यांचा नव्हता. हे त्यांना सांगायचे की नाही, असा विचार माझ्याबरोबर बसलेल्या स्नेह्यांच्या मनात आला. ते मला डोळ्यांनी खुणावत होते. मी सांगितले. नातू खट्टू झाला. आजीबाई बराच वेळ कोटाच्या बाहीवरून हात फिरवत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मग हा धाकट्या भाऊजींचा. पासष्टच्या लढाईला गेले होते. परत आले, पण पुढे वर्षाच्या आतच गेले. लग्न नव्हते झाले. त्यांचे नाव कोण काढणार?” घरातल्या तरुणांपैकी कुणालाच असा कुणी काका होऊन गेला हे माहीत नव्हते. एका खोट्या कथेखाली एक खरा सैनिक पन्नास वर्षे झाकला गेला होता. पदक आणि कोट, दोन्ही त्यांनी परत नेले. सोनाराकडे पुढे काय झाले ते मी विचारले नाही.

घरात अशा वस्तू असतील त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो आणि थांबतो. पदकांना पितांबरी, चिंच, राख काही लावू नका; झिजलेली अक्षरे पुन्हा मिळत नाहीत. कोट धुऊ नका, ड्रायक्लीनलाही देऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका. आपल्या दमट हवेत त्यात बुरशी धरते. धुवट सुती कापडात सैलसर गुंडाळा आणि घडीच्या जागा वर्षातून दोनदा बदला. डांबराच्या गोळ्या कापडाला चिकटू देऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना वस्तूबद्दल जे आठवते ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली तारीख घाला, आणि ते ऐकीव आहे की डोळ्यांनी पाहिलेले, हेही लिहा. जुन्या गणवेशाचा कोट हौसेने घालून मिरवू नका. सैनिक नसताना सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून लष्करी वेश घालणे हा आपल्याकडे दंडसंहितेच्या १४० व्या कलमाखाली गुन्हा होता, आणि नव्या न्यायसंहितेतही तो आहे.

बाहेरच्या टेबलावर मी चार लाल तारे, दोन खांद्याच्या पट्ट्या आणि एक अंगरखा मांडून ठेवला आहे. शेजारी भिंग आहे आणि दिवाही आहे. चारांपैकी एकच तारा खरा आहे. कोणता ते चिठ्ठीवर लिहून मुख्याध्यापकांकडे द्यावे. मुलांनी आधी जावे, मोठ्यांनी मागून. अंगरख्याला कृपा करून हात लावू नये.